कॅरिअरवरचा मोठा खोका: तुमच्या आक्षेपाला उत्तर

सायकलच्या कॅरिअरवर मोठा खोका कसा आणावा, या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. थंडीत निसरड्या रस्त्यावरून सणाच्या खरेदीचा मोठा खोका सायकलवर आणणं म्हणजे हातपाय मोडून घेणं, हा पहिला. ‘बंजी दोरीने (हुकांच्या रबरी दोरीने) घट्ट बांधा’ हा सल्ला चुकीचा, हा दुसरा. दुसरा बिनशर्त मान्य, ते वाक्य लेखातून काढलंय. बंजी ताणली जाते, म्हणजे प्रत्येक खड्ड्यात खोक्याला हलायला जागाच देते.

पहिला अर्धाच पटतो, कारण तुम्ही सगळा दोष वजनाला दिलात. बऱ्याच कॅरिअरवर २५ किलोची मर्यादा कोरलेली असते आणि सणाची खरेदी बहुधा तिच्या आतच बसते. खरा घोळ होतो तो वजन मागे सरकल्याने. दोन्ही चाकांच्या आसांत १०५ सेंमी अंतर धरा. २० किलोच्या खोक्याचा मध्य मागच्या आसाच्या ३० सेंमी मागे गेला, तर पुढच्या चाकावरचा भार साडेपाच किलोहून जास्त कमी होतो. कोरड्या रस्त्यावर हँडल जरा हलकं लागेल, एवढंच. बर्फाळ वळणावर मात्र पुढचं चाकच आधी सुटतं आणि मग सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून खोका सीटला टेकेल इतका पुढे घ्या. जड सामान दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत खाली ठेवा आणि वर फक्त मोठं पण हलकं सामान.

आता बांधणी. २५ मिमी रुंदीचे, दात असलेल्या बकलचे तीन पट्टे लागतात. रॅचेट (दांडा मागेपुढे करून आवळायचा पट्टा) नको, त्याने पुठ्ठा चेपतो. कॅरिअरवर जुन्या ट्यूबचे तुकडे अंथरा, खोका घसरत नाही. दोन पट्टे आडवे, कॅरिअरच्या बाजूच्या दांड्यांखालून; मडगार्डच्या तारांना अडकवू नका. तिसरा खोक्याच्या मागून फिरवून सीटच्या दांड्याला. कोपऱ्यांवर पुठ्ठ्याच्या घड्या ठेवा. पाऊस-बर्फ असेल तर प्लॅस्टिक आधी गुंडाळा, पट्टे नंतर. ओला पुठ्ठा मऊ पडतो आणि पट्टा आपोआप ढिला होतो. कितीही घट्ट बांधलं तरी दोनतीनशे मीटरवर थांबून पुन्हा आवळावंच लागतं. उरलेली टोकं गाठ मारून आत खोचा. ती स्पोकमध्ये गेली की चाक जागीच अडकतं.

हवेबद्दल एकच. घरात २० अंशांना ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेलं टायर बाहेर शून्य अंशाला साधारण ५५ दाखवतं. मागच्या टायरमध्ये तेवढी जास्त भरा. पकड हवी म्हणून थोडी कमी करायचीच तर पुढच्यातली करा.

टीव्ही सायकलवर आणू नये, हे मात्र तुमचं बरोबर. तो उभाच न्यावा लागतो आणि उभा खोका बाजूच्या वाऱ्यात शिडासारखा भरतो. ट्रेलर असेल तर ठीक, नाहीतर दुकानाकडून घरपोच मागवा.

रस्त्यावर काचेसारखा बर्फ दिसला तर उतरून ढकला. लादलेली सायकल हातगाडी म्हणून उत्तम चालते. (लाज कसली त्यात?) आणि निघण्यापूर्वी चार पावलं मागे जाऊन बघा: सीटखालचा लाल दिवा खोक्याआड गेला असेल, तर तो काढून मागच्या पट्ट्यालाच लावा.