३७७चा निकाल आणि फौजेचा कायदा
कामठी रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: २०१८च्या निकालानंतर फौजेतही समलैंगिकांना उघडपणे राहता येतं. एका काकाजींनी तर खाली तिरंगा आणि कपाळावर हात, दोन्ही टाकले.

थांबा, काकाजी. ६ सप्टेंबर २०१८ला सुप्रीम कोर्टाने प्रौढांचे संमतीचे समलैंगिक संबंध तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या (सगळ्यांना लागणाऱ्या फौजदारी कायद्याच्या) कलम ३७७मधून वगळले, हे खरं. पण सैनिकाला १९५०चा आर्मी अ‍ॅक्टही लागतो. त्याच्या कलम ४६मध्ये ‘अनैसर्गिक’ प्रकारच्या लज्जास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. तो शब्द निकालानंतरही तिथंच राहिला. जानेवारी २०१९मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनीही लष्करात हे चालू देणार नाही, असं पत्रकार परिषदेत सांगितलं होतं. (मला ते पटलं नाही, पण तो वेगळा वाद.)

उघडपणे नोकरीची मुभा २० सप्टेंबर २०११पासून मिळाली ती अमेरिकेत.