मोकळं वाजवा, पण ठेका धरू नका

भाचा पुण्यात राहून काय काय शिकला याची यादी ताईकडे आहे. माझ्या वाट्याला त्यातलं एवढंच आलं, की सोलापुरात मुक्त, उत्स्फूर्त संगीताचा मेळावा भरणार आणि त्यात मामाने वाजवायचं.

"अरे, मला काही वाजवता येत नाही."

"तेच तर पाहिजे, मामा!"

पन्नाशी उलटल्यावर आपल्या अज्ञानाला कुठेतरी मागणी आहे, हे ऐकून बरं वाटतं. मी स्टीलचं ताट आणि पळी घेऊन निघालो. ताट बायकोने निवडून दिलं, म्हणजे आधीच पोचे आलेलं.

जागा पूर्व भागात, बंद पडलेल्या पॉवरलूमच्या कारखान्यात. माग भंगारात गेलेले, जमिनीवर त्यांचे बोल्ट तेवढे वर आलेले. अंधारात चालणाऱ्याला ते बोल्ट आपोआप नृत्य शिकवत होते. पलीकडच्या कारखान्यात माग चालूच, खटाक-खटाक. आणि एप्रिल. पंखा लाव म्हटलं, तर भाचा म्हणाला, पंख्याचा आवाजसुद्धा इथे वाद्यच धरतात, तेव्हा लावायचा की नाही ते वादकांनी ठरवावं. वादकांनी एकमताने ठरवलं. त्या संध्याकाळचं एकमत तेवढंच.

भाच्याने गिटार आणली होती, पण ती गळ्यात न अडकवता टेबलावर उताणी झोपवली आणि तिच्या तारांत स्वयंपाकघरातला चिमटा खुपसला. ही पद्धत म्हणे लंडनची. तिथे १९६५ मध्ये एएमएम नावाचा गट निघाला, त्यातले कीथ रो गिटार अशीच आडवी ठेवून वाजवत. साठ वर्षं जुनी गोष्ट आहे म्हटल्यावर माझा विरोध मावळला. आपल्याकडे जुन्याला मान असतो.

मग नियम सांगितले. राग नाही, ताल नाही, आधी ठरवलेलं काही नाही. मनात आलं, उत्स्फूर्तपणाचं आम्हाला काय कौतुक? आपला गवई तासभर जे गातो त्यातलं लिहिलेलं किती असतं? पण तो रागाच्या कुंपणात हिंडतो आणि कितीही भटकला तरी समेवर घरी येतो. इथे समच नाही. मग श्रोत्याने मान हलवायची कुठे?

श्रोत्यांची खरी अडचण हीच झाली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशच्या मदतीसाठी कार्यक्रम झाला, तेव्हा पंडित रविशंकर सतार जुळवत होते आणि लोकांनी ते वादन समजून टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे उलटं झालं. दहा-पंधरा मिनिटं वादन चाललं आणि लोक वाद्यं जुळण्याची वाट बघत बसले. शेवटी मागून आवाज आला, "काय बे, चालू कवा करणार?"

आमच्या बाजूलाही आनंदच होता. भजनी मंडळाचे आप्पा पखवाज घेऊन आले होते. त्यांना ठेका धरू नका सांगणं म्हणजे आजीला नातवाचा लाड करू नका सांगणं. थोडा वेळ ते हात आवरून इकडे-तिकडे थापा मारत, की बोटं आपोआप भजनी ठेक्यात. भाचा डोळे वटारी, आप्पा जीभ चावत, पुन्हा तेच. मी तरी काय वेगळा? माझी पळी ताटावर कधी आरतीला लागली, मला कळलंसुद्धा नाही.

मोकळा वाजवत होता तो एकटा लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेटवाला. त्याने सूर असा काढलाच नाही. नुसती फुंकर, थुंकीची गुळगुळ, मधूनच एक किंकाळी. मी चहाला त्याला विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाला, "सायेब, वीस वर्षं वरातीत तीच गाणी वाजवतोय. आज कोण फर्माईश करंना, लई बरं वाटलं." भाच्याचं दैवत डेरेक बेली. ते गिटारवालेही आधी अनेक वर्षं डान्स हॉल आणि ऑर्केस्ट्रांमध्ये लोकांच्या पसंतीचं वाजवून पोट भरत होते. पुढे १९७६ पासून ते एकमेकांबरोबर कधी न वाजवलेल्या माणसांना मुद्दाम एकत्र बसवू लागले. म्हणजे गाणी येऊन येऊन विटावं लागतं, तेव्हा कुठे हे जमतं. आम्हाला गाणी धड येतच नव्हती, मग विटणार कशाने?

मध्ये 'परफॉर्मन्स' झाला. कॉलेजातल्या एका मुलीने सोलापुरी चादर फार सावकाश उलगडली, फार सावकाश घडी घातली, पुन्हा उलगडली. पुण्यात लोक विचारात पडले असते. इथे पहिल्या रांगेत मागावर हयात घालवलेले अण्णा बसले होते. तिसऱ्या उलगडीला ते उठले, सरळ पुढे गेले, काठ चिमटीत धरून उजेडाकडे केला, नखाने सूत सरकवून पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाणा ढिल्ला हाय पोरी. कितीला दिली?" ती बिचारी भूमिका सोडेना, हे चादर सोडेनात. दोघं दोन टोकं धरून उभे. सबंध संध्याकाळीत श्रोते एकदम गप्प झाले ते याच वेळी. भाचा नंतर म्हणाला, हाच सर्वांत अस्सल क्षण होता.

दुसऱ्या सत्रात हलगीवाला आला आणि भाच्याच्या हातातून कार्यक्रम गेला. सोलापुरात हलगी कडाडली की माणसाला संक्रांत आठवते, सिद्धेश्वरांची यात्रा, सात नंदीध्वज. आप्पांनी एवढा वेळ दाबून ठेवलेला पखवाज सोडला. माझं ताटही सुटलं. कोपऱ्यातून कुणीतरी "एकदा भक्तलिंग हर्र!" म्हणून आरोळी ठोकली आणि अख्ख्या कारखान्याने "बोला हर्र!" म्हणून उचलून धरली. भाचा टेबलावर चिमटा आपटत "ठेका नको, ठेका नको" ओरडत होता, तेही ठेक्यात.

हे थांबवायचं कुणी? शेवट ठरवायचा नाही, हाही नियमच होता. तेवढ्यात कुणाचा तरी फोन वाजला आणि शब्द पसरला, नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, तेव्हा मुक्त संगीत काय नि बांधील काय. दोन मिनिटांत निम्मा कारखाना रिकामा. आप्पा पखवाज काखेत मारून पळाले.

ट्रम्पेटवाला भाड्याने राहतो, पाणी घरमालक भरतो, म्हणून तो वाजवत राहिला. अण्णांचं पाणी सुनेकडे. ते भाच्यापाशी गेले. "पुढच्या बारीला चादर मी आणतो. डबल विणीची. पर घडी त्या पोरीला घालू देनार नाय, मी घालनार."

भाच्याने वहीत लिहून घेतलं.