मढी उकरणारे म्हातारे: स्पष्टवक्ता दादांना उत्तर

स्पष्टवक्ता दादा, तुमची कॉमेंट वाचली. खाली चार ओळी खरडून मोकळं व्हायचं ठरवलं होतं, पण ते वाढतच गेलं म्हणून वेगळी पोस्ट टाकतेय. ज्यांनी कॉमेंट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते: इथे अमेरिकेत पिट्सबर्गमधे बेसबॉलच्या इतिहासाचं वेड असलेल्या लोकांचा एक ग्रुप महिन्यातून एकदा जमतो, मी त्यात जाते, त्याबद्दल मागे लिहिलं होतं. त्यावर दादांचं म्हणणं असं की "ताई, गुगलवर एका क्लिकमधे मिळणाऱ्या आकड्यांवर चार गोरे म्हातारे दोन-दोन तास घालवतात आणि तुम्ही त्याला इतिहास म्हणता? ही मेलेल्यांची मढी उकरणं आहेत नुसती. एवढीच हौस असेल तर आपल्या पालवणकर बाळूंवर लिहा, गोऱ्यांच्या नॉस्टॅल्जियाला टाळ्या कसल्या वाजवताय." (बाळू म्हणजे जुन्या काळचे दलित क्रिकेटपटू, बॉलर.)

बरं. म्हातारे आहेत हे खरंय. लायब्ररीच्या तळघरातली खोली, घडीच्या खुर्च्या, पातळ कॉफी, आणि समोर बसलेल्यात निम्म्या लोकांच्या कानात हिअरिंग एड, त्यामुळे प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागतो. गोरे जास्त आहेत, सगळे नाहीत. आणि काही मीटिंगा भयंकर बोअर होतात हेही खरं. एका गृहस्थांनी जुन्या टीमांच्या मोज्यांच्या रंगांवर स्लाइड शो केला होता, तो काही केल्या संपेना, मी आणि शेजारची बाई डोनटचे तुकडे करत बसलो. त्यावरून तुम्ही हवी तेवढी खेचा, मी मधे पडणार नाही.

पण गुगलचं काय म्हणालात? अहो, गुगलवर तो आकडा आला कुठून? कोणीतरी कागद चाळून, बेरजा करून, दुसऱ्या कोणाशी तरी भांडून तो ठरवला तेव्हा तो तिथे आला ना. एक उदाहरण देते, आमच्याकडे नवीन माणूस आला की हमखास सांगितलं जाणारं. हॅक विल्सन म्हणून शिकागो कब्जचा बॅटर होता, १९३० च्या सीझनला त्याचे १९० आरबीआय. (आरबीआय म्हणजे आपल्या फटक्यावर जेवढे रन घरी आले तेवढे, रिझर्व्ह बँकेचा संबंध नाही.) हा रेकॉर्ड. सगळ्या पुस्तकांत १९०, क्विझमधे १९०. १९७७ मधे एका साध्या वाचकाने पेपरला पत्र लिहून जुन्या स्कोअरबद्दल शंका काढली, मग इतिहासवाले मागे लागले, आणि शोधता शोधता सापडलं की २८ जुलै १९३० ला सिनसिनाटीविरुद्धच्या डबलहेडरमधल्या (एकाच दिवशी लागोपाठ दोन मॅचेस) दुसऱ्या मॅचमधे विल्सनचा एक आरबीआय त्याच्याच टीममधल्या चार्ली ग्रिमच्या नावावर चढवला गेला होता. अधिकृत दुरुस्ती झाली १९९९ मधे! १९१. विल्सन बिचारा १९४८ मधेच गेला, खिशात दमडी नसताना. आता तुम्ही गुगल केलंत की एका क्लिकमधे १९१ येतं, तो क्लिक तयार व्हायला बावीस वर्षं लागली आणि त्यात पगारी माणसं कमी आणि असली "मढी उकरणारी" जास्त होती.

ह्या लोकांची मोठी संघटना आहे, सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च, सगळे तिला सेबर म्हणतात. १९७१ च्या ऑगस्टमधे कूपर्सटाउनला हॉल ऑफ फेमच्या (बेसबॉलमधल्या थोर लोकांचं म्युझियम) लायब्ररीत फक्त सोळा जण जमले होते, त्यातून ती सुरू झाली, आता गावोगावी तिचे ग्रुप आहेत, आमच्यातलेही बरेच जण मेंबर आहेत. तसंच १९८९ पासून रेट्रोशीट नावाचं एक काम चालू आहे, डेलावेअर विद्यापीठातल्या एका बायोलॉजीच्या प्रोफेसरने सुरू केलेलं, जुन्या मॅचेसचा प्रत्येक डाव कोण आलं कोण गेलं असा लिहून काढायचा आणि सगळ्यांना फुकट द्यायचा. पोटापाण्याचा धंदा वेगळा आणि हे वेगळं. आपल्याकडे नाट्यसंगीताच्या जुन्या रेकॉर्डी जमवणारी माणसं असतात ना, घरच्यांच्या शिव्या खाऊन, तीच जात.

आता "गोऱ्यांचा नॉस्टॅल्जिया". इथे मात्र मला जरा राग आला, कारण गेलं वर्षभर आमच्या मीटिंगमधे सगळ्यात जास्त वेळ ज्या माणसावर गेला तो जॉश गिब्सन, आणि तो काळा होता, आणि काळा होता म्हणूनच त्याचे आकडे शोधत बसावं लागतं.

गिब्सन पिट्सबर्गचाच म्हणायचा. कॅचर, म्हणजे आपला विकेटकीपरच, आणि असा मारणारा की बघणारे वेडे व्हायचे. पण मेजर लीग म्हणजे बेसबॉलची सगळ्यात वरची लीग, तिथे काळ्यांना प्रवेश नाही, म्हणून आयुष्य गेलं होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स ह्या काळ्यांच्या टीमांत. क्रॉफर्ड्सचा मालक गस ग्रीनली, त्याचा पैसा नंबर्सच्या धंद्यातला, म्हणजे आपला मटकाच, आणि त्या पैशातून त्याने हिल डिस्ट्रिक्ट ह्या पिट्सबर्गमधल्या काळ्यांच्या वस्तीत १९३२ ला स्वतःचं स्टेडियम बांधलं. कारण काय, तर भाड्याच्या मैदानात आपल्या प्लेयरांना ड्रेसिंग रूम वापरू देत नव्हते. त्या टीममधे एका वेळी गिब्सन, सॅचेल पेज, कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्स्टन, ज्युडी जॉन्सन, पाचही पुढे हॉल ऑफ फेममधे गेले! स्टेडियम १९३८ मधे पाडलं, तिथे सरकारी घरं झाली.

गिब्सन १९४७ च्या जानेवारीत वारला, ३५ व्या वर्षी. काळ्यांवरची ती बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन मेजर लीगमधे उतरला १५ एप्रिल १९४७ ला. तीन महिने, दादा.

आता त्याचे आकडे कसे काढायचे? आमच्यातले एक रिटायर्ड पोस्टमन आहेत, हिल डिस्ट्रिक्टमधेच वाढलेले, ते मीटिंगला पिट्सबर्ग कुरियरच्या मायक्रोफिल्मचे मोठे प्रिंट घेऊन येतात. कुरियर हा काळ्यांचा पेपर, पण साप्ताहिक. त्यामुळे रविवारच्या डबलहेडरला जागा मिळायची आणि मंगळवारी कुठल्यातरी गावात झालेली मॅच एका ओळीत संपायची, कधी ती ओळही नाही. त्या दिवशी त्यांनी एक बॉक्स स्कोअर, म्हणजे पेपरात छापलेलं स्कोअरकार्ड, टेबलावर पसरला. शाई पसरलेली, ३ आहे की ८ कळेना. खाली टीमचे एकूण हिट छापलेत ११ आणि प्रत्येकाचे मिळवले तर भरतात १०. सगळ्यांनी पेन्सिली काढल्या, परत बेरीज केली, १०. मग तो अकरावा हिट कोणाचा? कोणीतरी म्हणालं तीच मॅच बाल्टिमोर आफ्रो-अमेरिकनमधे आली असेल, तिथे बघू. दुसरे म्हणाले बघा जरूर, पण तोपर्यंत तो गिब्सनच्या नावावर लावायचा नाही, तुम्हाला कितीही वाटलं तरी. तिथे बसलेल्या प्रत्येकाला तो गिब्सनचाच हवा होता. लावला नाही. मला विचाराल तर ती मीटिंग मोज्यांच्या दहा मीटिंगांचा वचपा काढणारी होती.

असल्या कागदांवर देशभरातल्या लोकांनी वर्षानुवर्षं काम केलं. डिसेंबर २०२० मधे मेजर लीगने जाहीर केलं की १९२० ते १९४८ मधल्या काळ्यांच्या सात लीग ह्याही मेजर लीगच, आणि मे २०२४ मधे ते आकडे अधिकृत रेकॉर्डमधे घातले. करिअर बॅटिंग ॲव्हरेज (इथे ते रनचं नसतं, बॅटिंगच्या किती संधींत किती हिट ह्याचं असतं): जॉश गिब्सन .३७२, पहिला. मेजर लीगचा जुना गोरा बॅटर टाय कॉब .३६७, दुसरा. कॉब जवळजवळ शंभर वर्षं त्या यादीच्या डोक्यावर बसला होता.

त्यावर आमच्याकडे अशी जुंपली की लायब्ररीवाली दार उघडून बघून गेली. एका पार्टीचं म्हणणं, लीगच्या मॅचेस सीझनला साठ-सत्तर, मग दीडशे मॅचेसवाल्यांशी तुलना कशी करता. मला मधे बोलायला मिळालं आणि मी क्रिकेट काढलं (तिथे मी बोलायला उठले की सगळे हसतात, आलं क्रिकेट म्हणून). म्हटलं, आमच्याकडे ब्रॅडमन ५२ टेस्ट खेळला आणि तेंडुलकर २००, तरी ९९.९४ ला कोणी चांदणी लावून "कमी मॅचेस" असं लिहीत नाही. आमच्या विजय मर्चंटला दहाच टेस्ट मिळाल्या, पण फर्स्ट क्लासचं ॲव्हरेज ७१.६४, ब्रॅडमनच्या खालोखाल, आणि ते मुख्यतः भारतातल्या मैदानांवर केलेलं. म्हणून काय ते खोडायचं? जेवढं खेळू दिलं तेवढ्यात केलं. एक आजोबा म्हणाले हे पटतं, पण मग हॉल ऑफ फेमच्या पाटीवर गिब्सनचे "जवळजवळ ८००" होमरन (आपल्या सिक्सरसारखे) लिहिलेत त्याचं काय, कारण लीगच्या मॅचेसमधले सापडलेले दोनशेसुद्धा भरत नाहीत, बाकीचे गावोगावच्या टीमांविरुद्धचे. तो मुद्दा मला अजून सुटलेला नाही. माझा कल असा की पाटी तशीच राहू द्यावी आणि रेकॉर्डमधे फक्त कागदावरचं घ्यावं, पण त्यावर परत जुंपेल.

आणि मढी. तुम्ही तो शब्द सहज वापरलात, इथे ते अक्षरशः खरं आहे. क्रॉफर्ड्सचा जिमी क्रचफील्ड १९९३ मधे वारला, शिकागोजवळच्या ॲल्सिपमधे बर ओक स्मशानभूमीत पुरलेला, कबरीवर दगड नाही. इलिनॉयमधल्या एका भूलतज्ज्ञ डॉक्टरांच्या घरी क्रचफील्डच्या गोष्टी सांगत, कारण दोघांचं मूळ गाव एक, मिसुरीतलं आर्डमोर. डॉक्टरांना हे कळल्यावर त्यांनी सेबरच्या लोकांना हाताशी धरून वर्गणी काढली आणि दगड बसवला. त्याच आवारात अजून प्लेयर बिनदगडाचे निघाले. मग ते कामच होऊन बसलं, राज्याराज्यांत जाऊन कबरी शोधायच्या, घरच्यांना गाठायचं, वर्गणी, दगड. खुद्द गिब्सनची कबर इथे ॲलेगेनी स्मशानभूमीत १९७५ पर्यंत बिननावाची होती, हॉल ऑफ फेममधे जाऊन तीन वर्षं झाली होती तरी. तर हो, मढी उकरतो.

बाकी हा खेळ आणि क्रिकेट तुम्हाला वाटतात तेवढे परके नाहीत. बॉक्स स्कोअर ज्याने रुजवला तो हेन्री चॅडविक इंग्लंडात जन्मलेला आणि न्यूयॉर्कमधे क्रिकेटच्या बातम्या देणारा. पहिली उघडपणे पगारी टीम १८६९ ची सिनसिनाटी, तिचा हॅरी राइट शेफील्डचा, क्रिकेटचा प्रोफेशनल. आणि २००८ मधे आमच्या पायरेट्सनीच, म्हणजे पिट्सबर्गच्या मेजर लीग टीमने, टीव्ही स्पर्धेतून निवडलेल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ह्या यूपीच्या दोन पोरांना करारबद्ध केलं होतं, त्यांच्याबद्दल मला दर वेळी कोणीतरी विचारतं, जणू आमच्या शेजारच्या वाड्यातलेच.

आता बाळू. तुम्ही नाव काढलंत ते बरं केलंत. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ विकेट, फर्स्ट क्लासमधे १७९, ॲव्हरेज १५ च्या आसपास, हे तुमच्या गुगलवर आहे. पण त्याआधी पुण्यात, गोऱ्यांच्या क्लबात नेटमधे तासन्‌तास बॉल टाकल्यावर, हिंदूंच्या टीममधे घेतल्यावर चहा मात्र बाहेर वेगळ्या भांड्यात मिळायचा त्या काळात, त्यांनी कोणत्या मॅचमधे किती विकेट काढल्या? सगळ्या मॅचेसची स्कोअरकार्डं एका जागी कोणी लावून ठेवलीत? मुंबईत आनंदजी डोसांसारख्या माणसाने आयुष्यभर हे काम केलं, पण एक माणूस किती करणार. कांगा लीग १९४८ पासून पावसात खेळतायत, त्या स्कोअरबुकांचं काय होतं हे कोणाला विचारायचं?

म्हणून सांगते, पुढच्या महिन्यात मला वीस मिनिटं मिळालीत, विषय बाळू आणि गिब्सन. स्लाइड तयार आहेत, खिंडार आहे ते १९११ च्या आधीचं. तुम्ही डोंबिवलीला राहता असं तुमच्या प्रोफाइलवर आहे. पुण्या-मुंबईच्या एखाद्या ग्रंथसंग्रहालयात १९११ च्या आधीच्या मराठी पेपरांच्या फायली बघायला देत असतील तर पूना आणि सातारा जिमखान्याच्या मॅचेसच्या बातम्यांचे मोबाईलवर फोटो काढून पाठवाल का? पानावरची तारीख दिसेल असे काढा, आणि आकडा नीट वाचता येत नसेल तर अंदाजाने लिहू नका, तसाच पाठवा.