"पुण्यात एसीत बसून" या प्रतिक्रियेला माझं उत्तर

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर) जी कातळशिल्पं, खडकात कोरलेली जुनी चित्रं, आहेत तिथे सरकारने पैसे घालावेत, म्हणजे रस्ता, फलक, बायकांसाठी धड संडास आणि गावातल्या पोरांना गाइडचं ट्रेनिंग. त्यावर काल रात्री एका वाचकाची मोठी प्रतिक्रिया आली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की सरकार आलं की जागेची वाट लागते, २०१८ ला या शिल्पांसाठी जाहीर झालेल्या २४ कोटींचं काय झालं ते आधी विचारा, ही ठिकाणं कुणाला माहीत नाहीत म्हणूनच टिकली, आणि शेवटचं वाक्य "पुण्यात एसीत बसून कोकणावर गळे काढणं सोपं असतं."

आधी तुमचं बरोबर आहे ते मान्य करतो. कातळशिल्पं असलेलं कशेळी गाव मी रत्नागिरी तालुक्यात लिहिलं होतं, ते राजापूर तालुक्यात आहे. चूक माझी, लेखात दुरुस्त केलंय.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल. मुद्दा पटला नाही तर तसं सांगा ना, पण मी कुठे बसतो, कशात बसतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझं घर राजापूर तालुक्यात आहे, आई अजून तिथेच असते. मी दहावीपर्यंत तिथे शिकलो, सुट्टीत काकाबरोबर गुरं घेऊन सड्यावर जायचो, आणि ती चित्रं आम्ही पायाखाली घालत होतो कारण घरी सांगायचे की पांडवांनी एका रात्रीत काढली. पुण्यात मी नोकरीसाठी आलो, हौस म्हणून नाही. माझ्या वर्गातली अर्धी मुलं मुंबईला गेली, गावात काम असतं तर गेली असती का? त्यांनाही तुम्ही हेच ऐकवणार का?

आणि "कुणाला माहीत नाहीत म्हणून टिकली" हे तर मला अजिबात मान्य नाही, कारण न टिकलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एक मासा होता कातळात कोरलेला, हातभर रुंद, शेपटीकडे तीन रेघा. दोन पावसाळे मी गेलो नाही आणि तिसऱ्या वर्षी गेलो तर तिथे चिरेखाण, बांधकामाचे चिरे काढायची. मशीनने कातळ चौकोनी कापत आणलेला, सगळीकडे लाल धूळ, आणि काठावर फक्त शेपूट उरलेली, त्या तीन रेघांसकट. ज्याने जागा दिली त्याच्यावर मी कसा रागावू? सातबाऱ्यावर चाळीस नावं, सड्यावर पिकत काही नाही, पोरीचं लग्न आलेलं, आणि चिरेवाला रोख देत होता. त्याला कुणी येऊन सांगितलंच नव्हतं की हे काही हजार वर्षांपूर्वीचं आहे आणि ते राखलंस तर तुला चार पैसे मिळतील. ते सांगायला आणि ते चार पैसे द्यायला सरकारच लागतं, दुसरं कोण देणार?

उक्षी गावात गावकऱ्यांनी पुढाकार घेतला म्हणून तिथला कातळात कोरलेला हत्ती आज नीट बघता येतो. पण प्रत्येक गावाला ते झेपत नाही. कशेळीचा हत्ती जवळजवळ अठरा मीटर लांब आहे, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत, एवढ्या मोठ्या जागेची राखण एका ग्रामपंचायतीने कशी करायची? २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली, बारसू, देवाचे गोठणे, कुडोपी, गोव्यातलं फणसायमाळ वगैरे. आता लोक येणारच. तुम्ही लपवून ठेवायचं म्हटलं तरी मोबाइलवर लोकेशन टाकून गाड्या थेट कातळावर चढवतात, मी दिवाळीत बघितलंय, टायरचे वळ चित्रापासून दोन पावलांवर. तिथे कठडा हवा की नको? हो की नाही एवढंच सांगा.

बाकी ठेकेदार आणि ते २४ कोटी, त्यावर बोलत बसलो तर रात्र जाईल. भ्रष्टाचार कुठे नाही? म्हणून गावाने रस्ता मागायचाच नाही का? हा काही मुद्दा झाला असं मला वाटत नाही.

आणि एक. त्या लेखाखाली ज्या ताईंनी साधा प्रश्न विचारला होता त्यांना तुम्ही "अभ्यास वाढवा" म्हणालात, ते मला माझ्यावरच्या टीकेपेक्षा जास्त लागलं. असं इथे चालणार नाही. माझ्याशी भांडा, त्यांच्याशी नको.

मे महिन्यात मी गावी आहे. खरंच बोलायचं असेल तर या, सड्यावर घेऊन जातो, ती शेपूटही दाखवतो. सकाळी आठच्या आत निघावं लागेल, नंतर कातळ तापतो. आणि पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने लिहा.