"कुणी कुणाच्या मदतीला येत नाही": खरंच?

"रस्त्यात कोसळलात तर लोक मोबाइल काढतील, हात कुणी देणार नाही. गर्दी जितकी मोठी, तितकी माणुसकी कमी. हरवलेलं पाकीट विसरा. कुणाकडे मदत मागू नका." या आशयाचा मजकूर सगळीकडे फिरतोय आणि पुरावा म्हणून न्यूयॉर्कच्या किटी जेनोवीजचं नाव दिलं जातं: तिचा खून ३८ जणांनी नुसता पाहिला म्हणे. मला याचा राग येतो, कारण हे वाचून अडचणीतला माणूस हाक मारायचंच टाळेल.

आधी तो पुरावा. खून १३ मार्च १९६४ चा. ३८ साक्षीदारांची गोष्ट 'न्यूयॉर्क टाइम्स'ने दोन आठवड्यांनी छापली. प्रत्यक्षात बहुतेकांनी फक्त आरडाओरडा ऐकला होता, तोही मध्यरात्रीनंतर, झोपेतून उठून. दुसरा हल्ला तर इमारतीमागच्या जिन्यापाशी, आतल्या बाजूला झाला. पहिल्या हल्ल्यावेळी एका शेजाऱ्याने खिडकीतून दरडावल्यावर हल्लेखोर काही वेळ पळालाही होता. आणि एक शेजारीण जिवाची पर्वा न करता खाली धावली, किटीला कवेत घेऊन बसली. साक्षीदारांचा आकडा आणि त्यांनी काय पाहिलं, दोन्ही फुगवलं गेलं होतं, हे २०१६ मध्ये त्याच वृत्तपत्राने मान्य केलं. ती शेजारीण मात्र फिरणाऱ्या मजकुरात कधीच नसते.

गर्दीचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. १९६८ च्या एका प्रयोगात इंटरकॉमवरून कुणाला तरी फिट (अपस्माराचा झटका) आल्याचं ऐकू आलं. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के मदतीला उठले; आणखी चौघे ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी ३१ टक्केच. पण तिथे प्रत्येक जण वेगळ्या खोलीत होता, कुणाला कुणाचा चेहरा दिसत नव्हता. रस्त्यावर तसं नसतं. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन इथल्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी तपासलं, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी बघ्या मध्ये पडला होता. माणसं जास्त, तशी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त. प्रत्येकाने यावं अशी गरजच नसते; मार खाणाऱ्याला एक जण आला तरी पुरतो.

मग व्हिडिओत मदत करणारे का दिसत नाहीत? काही वेळा दिसतात. पण ज्याने जखमी माणसाचं डोकं मांडीवर घेतलंय, त्याचे हात मोकळे नसतात, तो शूटिंग कुठून करणार? आणि हातात मोबाइल असलेला प्रत्येक जण शूटिंगच करत असतो असंही नाही. त्यातला एखादा रुग्णवाहिकेला फोन लावत असतो.

पाकिटाचं थोडक्यात. ४० देशांत 'सापडलेली' १७ हजारांहून जास्त पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कार्यालयं अशा ठिकाणी काउंटरवर देऊन पाहिली गेली. निकाल २०१९ मध्ये आला: ३८ देशांत रिकाम्या पाकिटापेक्षा पैसे असलेल्या पाकिटाच्या मालकाशी जास्त लोकांनी संपर्क साधला.

"मदत मागू नका" हा सल्ला सगळ्यात घातक. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लोकांना अनोळखी माणसांकडे छोटीशी मदत मागायला पाठवलं, आधी अंदाज घेऊन. होकार मिळवायला प्रत्यक्षात जितक्यांना विचारावं लागलं, त्याच्या दीड-दोनपट लोकांना विचारावं लागेल असं त्यांना वाटलं होतं. तेव्हा मागा. फक्त "कुणीतरी या" असं सगळ्यांना उद्देशून ओरडू नका, एकाकडे बोट दाखवून सांगा, "निळा शर्टवाले दादा, तुम्ही रुग्णवाहिका बोलवा."