निळ्या शाईत सही पाहिजे म्हणे

फाईल परत आली. वर शेरा: ‘मूळ सही नाही. सबब परत.’ बास. कोणाची मूळ सही नाही, कुठल्या पानावर नाही, परत म्हणजे कोणाकडे परत, काही नाही. सकाळपासून डोकं भणभणतंय आणि हे लिहिल्याशिवाय ते थांबणार नाही.

दोन देशांतल्या दोन विद्यापीठांची मिळून एक पीएच.डी. करायला जे कोणी निघालेत, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. करारनामा. प्रत्येक विद्यार्थ्याचा वेगळा करारनामा. त्यावर इकडचे, म्हणजे नागपूरचे कुलगुरू, तिकडचे, म्हणजे फ्रान्सच्या विद्यापीठाचे अध्यक्ष, माझे दोन मार्गदर्शक, इकडचे सर आणि तिकडच्या मॅडम, तिकडच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, डॉक्टरल स्कूलचे (तिकडे पीएच.डी.चं काम बघणाऱ्या विभागाचे) संचालक आणि सगळ्यात खाली मी, एवढ्यांच्या सह्या. फ्रान्सकडच्या सगळ्यांनी पटापट केल्या. संगणकावर केल्या, कारण तिकडे आता तशाच करतात. प्रत्येक सहीखाली नाव, तारीख, तिकडच्या वेळेप्रमाणे तास-मिनिटं, आणि शेवटी सही खरी असल्याचं प्रमाणपत्र. मी त्याची रंगीत प्रिंट काढली, स्पायरल करून घेतली, मागे इंग्रजी भाषांतर जोडलं, खुणेच्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवून पानं दाखवली आणि विद्यापीठाच्या आवक विभागाला देऊन पोच घेतली.

काल विद्यापीठाच्या कक्षात फाईल तपासतात त्या टेबलावरच्या भाऊंनी माझ्यासमोर शेवटचं पान उघडलं. अंगठा जिभेला लावला आणि अध्यक्षांच्या सहीवरून घासला. शाई पसरते का ते बघायला! पसरली नाही. दुसऱ्यांदा घासला. मग पान उजेडाकडे धरून मागून पाहिलं.

‘सही तं छापलेली दिसून राहिली, मॅडम. निळ्या शाईची लागते.’

म्हटलं, भाऊ, ही इलेक्ट्रॉनिक सही आहे, मागे प्रमाणपत्र आहे, बघा तरी.

‘ते इंग्लिशमध्ये नाही ना.’

त्याच्या मागचं पान उलटा, इंग्रजी आहे.

‘त्याच्यावर पण सही नाही ना.’

मी साहेबांकडे गेले. साहेब जेवायला. साहेब आल्यावर मीटिंगला. मीटिंगवरून आल्यावर साहेब एकदम सौजन्याने म्हणाले, ‘तुमचं बरोबर आहे, मॅडम. पण उद्या ऑडिटवाले विचारतील.’ काय विचारतील? करारात एक रुपयाची देवाणघेवाण नाही! विद्यापीठ कोणाला काही देत नाही, कोणाकडून काही घेत नाही, जे भरायचं ते मी भरते. ऑडिटवाल्यांनी याच्यात तपासायचं काय? यावर साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. मला पाणी नको होतं. मला सही पाहिजे होती.

आपल्याच देशात 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता आहे. माझ्या बाबांचा वणीकडच्या शेताचा सातबारा डिजिटल सहीचा. तो बँकेत चालतो. त्याच्यावर अंगठा घासून कोणी शाई शोधत नाही. शेताचा कागद चालतो आणि अभ्यासाचा कागद चालत नाही, हे मला कोणीतरी समोर बसून समजावून सांगा.

बरं, निळ्या शाईचं तरी आधी सांगायचं होतं. आधी काय सांगितलं? मुद्रांक. करार आहे तर स्टॅम्प पेपरवर पाहिजे. ऑक्टोबर 2024 पासून 100 चा बंद, 500 चा घ्या. घेतला. पहिलं पान त्यावर छापलं. मग म्हणाले, तिकडच्यांची सही पण याच कागदावर पाहिजे. म्हणजे महाराष्ट्र शासनाचा मुद्रांक कुरिअरने फ्रान्सला पाठवायचा, तिथे एका माणसाकडून दुसऱ्याकडे फिरवायचा आणि परत आणायचा. तिकडच्या मॅडमनी शांतपणे विचारलं की हा कागद कशासाठी, आमच्याकडे असा कागद नसतो. मी काय उत्तर देणार होते? मान खाली घालून मेल लिहिली. माझ्या विद्यापीठाच्या वतीने मीच माफी मागते, हे मला सगळ्यात जास्त लागतं. पुढे मुद्रांकाचं ‘बघू’ झालं आणि आता निळी शाई निघाली. एकदाच सगळं सांगत का नाहीत? एका कागदावर यादी का देत नाहीत? प्रत्येक वेळी एकच त्रुटी काढायची, ती पूर्ण झाली की पुढची काढायची. संताप याचा येतो.

आणि सगळ्यात चीड कशाची, तर नियम आहे! विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 सालीच परदेशी विद्यापीठांबरोबरच्या संयुक्त पदव्यांचा नियम केला. इकडच्या संस्थेचा नॅकचा, म्हणजे दर्जा तपासणीचा, गुणांक निदान 3.01 पाहिजे, नाहीतर एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीत पहिल्या शंभरात पाहिजे. तिकडची संस्था टाइम्स किंवा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात पाहिजे. अशा संस्थांना आयोगाची वेगळी परवानगी लागत नाही. पीएच.डी.ला दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक, दोन्हीकडे निदान एकेक सत्र राहणं. आमच्याकडे हे सगळं बसतंय. मी तो नियम छापून, पिवळ्या पेनाने रंगवून फाईलीला लावलाय. त्यावर शेरा आला: ‘30 टक्के क्रेडिटचा तपशील जोडावा.’ अहो, क्रेडिट म्हणजे शिकण्याच्या तासांचं माप, आणि ती दोन्हीकडे निदान 30-30 टक्के क्रेडिट मिळवायची अट शिकवायच्या अभ्यासक्रमांसाठी आहे, जिथे वर्ग असतात, पेपर असतात. पीएच.डी.ला कोर्सवर्कचे कमीत कमी 12 क्रेडिट, ते मी इथेच पास होऊन बसलेय. बाकीचं संशोधन आहे. विहिरीवर उभं राहून नमुना घेण्याचे किती क्रेडिट लिहू?

मी भूजलावर काम करते. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विहिरी-बोअरमधलं फ्लोराइड. तिकडच्या गावांत फ्लोराइडने डाग पडलेले पोरांचे दात ज्यांनी बघितलेत त्यांना हा विषय समजावायला नको. ते पाणी कुठल्या पावसाचं, कसं मुरलं, खडकात किती फिरून आलं हे कळायला त्यातले ऑक्सिजन-हायड्रोजनचे समस्थानिक, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार, मोजावे लागतात. नमुना घेताना छोटी बाटली तोंडोतोंड भरायची, आत हवेचा एक बुडबुडा ठेवायचा नाही, झाकण घट्ट पिळायचं आणि त्याच्याभोवती पॅराफिनची पट्टी ताणून गुंडाळायची. थोडं जरी बाष्पीभवन झालं तरी हलके रेणू आधी उडून जातात, जड मागे राहतात आणि मोजमाप खोटं येतं. मे महिन्यात, 45 अंशांत, तापलेल्या पाइपाला हात लावून मी आणि माझ्या ज्युनिअरने त्या बाटल्या भरल्यात. त्या आता विभागाच्या फ्रीजमध्ये आहेत. लाइन गेली की माझ्या पोटात गोळा येतो. करारावर सही नाही म्हणून तिकडच्या प्रयोगशाळेत माझं नाव नाही, नाव नाही म्हणून मशीनवर वेळ नाही. कक्षात कोणाला त्या बाटल्या माहीत आहेत का? त्यांच्या लेखी मी म्हणजे एक आवक क्रमांक.

कोणी म्हणतं, एवढं काय, नुसती जाऊन मोजून ये. कोणी म्हणतं, तिकडचीच पीएच.डी. घेऊन टाक, काऊन डोक्याला ताप करून घेते? मला तिकडची एकटी नको. विहिरी इथल्या आहेत, फ्लोराइड पिणारे लोक इथले आहेत. प्रबंध इथल्या लोकांनीही वाचावा, त्यावर इथेही प्रश्न विचारले जावेत, पदवीवर इथलंही नाव असावं. सरांनी मला पहिल्या दिवशी खडक ओळखायला शिकवला, त्यांचं नाव नुसतं आभारात घालायचं का?

फीचं घ्या. फ्रान्सच्या 25 मे 2016 च्या सरकारी आदेशात स्वच्छ लिहिलंय की विद्यार्थ्याला एकाच वेळी एकाहून जास्त ठिकाणी फी भरायची सक्ती करता येणार नाही. त्यात हेही आहे की प्रबंधाची मौखिक परीक्षा एकच. इकडे दोन्हीला नकार. फी इथे पूर्ण भरा, तिकडे असाल तरी भरा. मौखिक परीक्षा तिकडे झाली तरी ‘इथे पण एक घ्यावी लागेल, आपल्या ऑर्डिनन्समध्ये तसंच आहे’. आयोगाच्याच नोव्हेंबर 2022 च्या पीएच.डी. नियमात मौखिक परीक्षा ऑनलाइन घेता येते असं लिहिलंय, बाहेरचे दोन परीक्षक घ्या, शक्यतो एक परदेशातला घ्या असं लिहिलंय. म्हणजे दोन्हीकडचे लोक एकाच खोलीत, एकाच दिवशी, एकाच प्रबंधावर बसू शकतात. बसवायची इच्छा पाहिजे. सहामाही प्रगती अहवाल इथे, वार्षिक समिती तिकडे, साहित्यचोरीची तपासणी दोन्हीकडे, सारांश दोन भाषांत. हे सगळं मी करते, तक्रार नाही. पण तेच काम दोनदा करायला लावून वर ‘तुम्हीच निवडलंय’ असं ऐकवू नका.

आणि घड्याळ! त्याच नोव्हेंबर 2022 च्या नियमाप्रमाणे पीएच.डी.ला जास्तीत जास्त सहा वर्षं. मुदतवाढ मागून मिळते, पण मागावी लागते. तिकडे दर वर्षी नव्याने नाव नोंदवावं लागतं. फाईल यांच्या कपाटात असते ते महिने माझ्या सहा वर्षांतून जातात. यांच्या कशातूनच जात नाहीत. ‘कृपया चर्चा करावी’ लिहिणाऱ्याला विचारा, चर्चा किती दिवसांत करायची? त्याला मुदत नाही. हिवाळी अधिवेशन आलं की ‘अधिवेशन संपू द्या’. परीक्षा आल्या की ‘निकाल लागू द्या’. मग मार्चअखेर. मग उन्हाळ्याच्या सुट्ट्या. विद्वत परिषदेची बैठक झाली तर विषय आयत्या वेळी येत नाही म्हणून पुढच्या बैठकीत.

पण सामंजस्य करार असला की बघा! एमओयूला कसं सगळं जमतं. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, मागे फ्लेक्स, दोघे फाईल उघडून धरलेले, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. त्या कागदाने कोणावर काही बंधन येत नाही, म्हणून त्याच्यावर सही लगेच होते. एका विद्यार्थ्याच्या नावाचा करार आला की बंधन येतं. तिला वेळेत परीक्षक द्यावे लागतात, तिचा प्रबंध वेळेत पाठवावा लागतो, पदवीवर दोघांची नावं छापावी लागतात. तिथे हात आखडतो. गेल्या काही वर्षांत किती एमओयूंचे फोटो पाहिले, त्यातल्या एकातून तरी असा डॉक्टर बाहेर पडल्याचं मला कोणी दाखवावं.

पवईत जमतं. मुंबईच्या आयआयटीची आणि ऑस्ट्रेलियाच्या मोनाश विद्यापीठाची अकादमी 2008 पासून चालू आहे, पोरं दोन्ही संस्थांची मिळून पीएच.डी. घेऊन बाहेर पडतात. तिथेही ऑडिट असेलच ना? नागपूरला म्हटलं की सगळ्यांना घाई नाही. शिक्का मुंबईला, व्हिसा मुंबईला, साक्षांकन मुंबईला. विदर्भाला महाराष्ट्रात घ्यायचं म्हणून 1953 चा नागपूर करार झाला, दर वर्षी अधिवेशन भरतं, रस्ते रंगतात, आणि अपोस्टिलसाठी, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणाऱ्या शिक्क्यासाठी, मी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये. 2005 पासून भारत अपोस्टिलच्या हेग करारात आहे, म्हणजे एक शिक्का आणि काम संपलं असं वाटतं. पण त्या एका शिक्क्याआधी राज्याचा शिक्का, त्याआधी विद्यापीठाची पडताळणी, आणि पडताळणी परत त्याच टेबलावर. माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, तेवढ्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र. नावं सगळ्यांची तशीच असतात इथे! तरी प्रत्येक पोरीकडून ते लिहून घेतात, आणि लग्न झालेल्या मैत्रिणींचे हाल तर विचारूच नका.

त्या टेबलावरच्या भाऊंवर माझा राग नाही. त्यांना कोणी शिकवलंच नाही इलेक्ट्रॉनिक सही म्हणजे काय ते. राग त्यांच्या वरच्यांवर आहे. त्यांना माहीत आहे, ते परदेशात परिषदांना जाऊन आलेत, आणि तरी खालून आलेल्या शेऱ्याखाली ‘सहमत’ लिहून मोकळे होतात. एकाने फोन उचलून तिकडच्या कुलसचिवांना विचारलं असतं, ही सही तुमचीच ना, तर पाच मिनिटांत मिटलं असतं. फोनचे पैसे मी देते.

निळ्या शाईसाठी मी आता फ्रान्सला परत कागद पाठवणार नाही. त्या मॅडमना अजून एक माफीची मेल लिहिणार नाही. एक तर आहे त्या करारावर सही करा, नाहीतर नाकारलंय असं लिहून द्या, कुठल्या नियमाच्या कुठल्या कलमाने नाकारलं ते घालून, खाली नाव आणि पदनाम लिहून. तेवढं लिहून द्यायला कोणी तयार नाही, मला पक्कं माहीत आहे. ‘सबब परत’ला कलम लागत नाही ना. उद्या कक्ष उघडला की जोडपत्र ‘अ’ भरून, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतेय: मूळ सही निळ्या शाईतच पाहिजे, असं सांगणाऱ्या आदेशाची प्रत द्या. कायद्याने 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि त्या अर्जावर माझी सही निळ्या शाईत असेल.