विजेट बसवलं की साइट अंधांसाठी सुलभ होते का?

वेबसाइटची कामं करणाऱ्यांमध्ये सध्या एक मेसेज खूप फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘अंध लोक स्क्रीन रीडर वापरतात, तो सगळं वाचून दाखवतो. तरी कुणाची तक्रार आलीच, तर एका ओळीचा कोड टाकून ॲक्सेसिबिलिटी विजेट (अक्षरं मोठी करणं, मजकूर वाचून दाखवणं अशा सोयींचं तयार बटन) बसवा. त्यापुढे खर्च करू नका. डिझाइनचा विचका होतो, आणि असे लोक साइटवर येतातच किती?’ मी बारा वर्षं पतसंस्थांच्या आणि दुकानांच्या साइट करतोय. यातलं एकही वाक्य मला पटत नाही.

‘स्क्रीन रीडर सगळं वाचतो.’ नाही वाचत. आपण कोडमध्ये जे लिहून ठेवतो, त्यावरच त्याची सगळी मदार असते. गेल्या वर्षी एका पतसंस्थेचे खातेदार असलेले संगीतशिक्षक माझ्या शेजारी बसले. ते पूर्ण अंध आहेत. मीच केलेला ठेवीचा अर्ज त्यांनी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून भरायला घेतला. टॅब दाबला: ‘एडिट, ब्लँक’. पुन्हा टॅब: ‘एडिट, ब्लँक’. नाव कुठे, खाते क्रमांक कुठे, काही कळेना. रकान्यांची नावं मी नुसती शेजारी छापली होती, लेबल म्हणून रकान्यांना जोडलीच नव्हती. सरांनी अंदाजाने सगळं भरलं. खाली बाणांची दोन बटनं होती, एक मागे नेणारं आणि एक पुढे. दोन्हींवर फक्त चित्र, त्यामुळे दोन्हींवर एकच आवाज: ‘बटन’. त्यांनी पहिलं दाबलं आणि अख्खा अर्ज कोरा झाला. सर काही बोलले नाहीत, पहिल्या रकान्यापासून पुन्हा भरायला लागले. मला ते बघवेना.

मराठी साइटचं दुखणं आणखी वेगळं आहे. मी तयार टेम्प्लेट वापरलं होतं आणि त्यात पानाची भाषा इंग्रजी अशीच नोंदलेली राहिली होती. त्यामुळे देवनागरी मजकुराला इंग्रजी आवाज लागायचा आणि शब्दांचा चुराडा व्हायचा. दुरुस्ती दोन अक्षरांची होती. व्याजदरांची पीडीएफ मात्र युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक पद्धतीच्या, आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. डोळ्यांना ती स्वच्छ मराठी दिसते, पण आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि स्क्रीन रीडर तीच वाचत सुटतो. स्कॅन करून चढवलेलं परिपत्रक तर नुसतं चित्र, त्यात वाचायला अक्षरच नसतं.

‘विजेट बसवा.’ हा दावा सगळ्यात घातक, कारण तो प्रामाणिक माणसालाही फसवतो. सरांच्या संगणकात आवाज आधीच आहे, त्यांना माझ्या साइटचा दुसरा आवाज नको. रकान्याचं नाव काय, हे विजेट फार तर अंदाजाने सांगणार. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये ॲक्सेसीबी या विजेट विकणाऱ्या कंपनीवर कारवाई जाहीर केली. आमचं उत्पादन कोणतीही साइट डब्ल्यूसीएजी या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत बसवतं, असं कंपनी सांगत होती. हा दावा खोटा असल्याचा कमिशनचा आरोप होता. प्रकरण मिटवताना कंपनीवर दहा लाख डॉलर भरायची वेळ आली.

‘डिझाइनचा विचका होतो.’ मुळीच नाही. लेबल आणि चित्रांची वर्णनं कोडमध्ये असतात, त्यांनी दिसण्यात काडीचा फरक पडत नाही. दिसतो तो रंग. पांढऱ्यावर ९९९९९९ या क्रमांकाचा करडा घेतला तर दोन्ही रंगांतल्या उजळपणाचं गुणोत्तर २.८५ भरतं. साध्या मजकुराला किमान ४.५ हवं. ७६७६७६ घेतला की ते ४.५४ होतं. करडा करडाच राहतो, आणि अल्पदृष्टी असलेल्या माणसाला ओळ वाचता येते. मोतीबिंदू झालेल्या माझ्या आईलाही.

‘असे लोक येतातच किती?’ २०११ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व नोंदवलेले लोक पन्नास लाखांवर होते. पण मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. अर्ज दोनदा कोरा झाल्यावर तिसऱ्यांदा कोण येईल? आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या प्रकरणात स्पष्टच सांगितलं, की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे.

राहिला खर्च. त्या अर्जाची लेबलं, बटनांची नावं, भाषेची नोंद आणि रंग, एवढं दुरुस्त करायला माझी एक दुपार गेली. एनव्हीडीए फुकट मिळतो. तो लावून, पडदा बंद ठेवून मी आता प्रत्येक अर्ज स्वतः भरून बघतो, मगच साइट ग्राहकाच्या हाती देतो. सरांनी दुरुस्त केलेला अर्ज एका दमात भरला आणि लगेच विचारलं, “व्याजदर कुठे वाचायचे?” ती पीडीएफ युनिकोडमध्ये नव्याने टाइप करायचं काम अजून चालू आहे.